बाईसाहेब, पोत्या आणि मधला मी

मित्रांनो, एका पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते. ते पत्र माझ्या नावाचे नव्हते. माझ्या नावाने पत्र कोण लिहिणार? पण ते माझ्यासमोर वाचले गेले, माझ्यासमोरच घडी होऊन सदऱ्याच्या खिशात गेले आणि तिथेच राहिले. त्या पत्राला उत्तर मिळावे म्हणून माझ्या हातून थोडेफार काम झाले. तेच सांगायला मी आज उभा आहे. तसा मी नेहमीच उभा असतो, त्यामुळे त्यात विशेष काही नाही.

मी एक जुना जाळीचा दरवाजा आहे. फळीचा दरवाजा निदान काही लपवून तरी ठेवतो. माझ्यातून सगळे आरपार दिसते, म्हणून लोक माझ्याकडे न पाहता माझ्या पलीकडेच पाहतात. माझी गोष्ट ऐकावी अशी आहे का, याची मलाच खात्री नाही. पण ते एक काम आठवले की माझ्या बिजागऱ्या आजही ताठ होतात, आणि ते कुणाला तरी सांगावेसे वाटते.

मला एका सुताराने पावाच्या भट्टीसाठी बनवले. जाड लाकडाची चौकट, मधे एक आडवी पट्टी, वर-खाली बारीक तारेची जाळी. जाळी ताणून बसवताना तो जिभेचे टोक दातांत धरायचा. काम संपल्यावर त्याने जाळीला टिचकी मारली, ती झण्ण वाजली आणि तो 'हं' म्हणाला. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

भट्टीवर मी पुष्कळ वर्षे काढली. आत पाव भाजले जात आणि बाहेर माश्या घोंगावत. एकाही माशीला मी आत येऊ दिले नाही. खरे सांगायचे तर दोन-चार आल्या असतील, पण त्या माणसांच्या मागोमाग आल्या, माझ्यातून नव्हे. भट्टीची मालकीण गिऱ्हाइकांना सांगायची, "आमच्याकडे माशी दिसली तर पाव फुकट." तिच्या त्या बोलण्याचा आधार मी होतो. गरम पावाचा वास माझ्या लाकडात इतका मुरला की भट्टी बंद पडून मी जुन्या सामानाच्या दुकानात गेलो, तरी येणारे-जाणारे माझ्यापाशी थबकून नाक वर करायचे. लाकडाचे हे असेच असते. रंग उडतो, पाणी सुकते, पण वास एकदा आत शिरला की सहज जात नाही.

त्या वासापाशी थबकलेल्यांपैकी एक होते मामा. त्यांच्या घरात मोठ्याने हाक मारणारे माणूस एकच, ते म्हणजे त्यांची भाची. ती त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. मामा छापखान्यात मुद्रिते तपासायचे. दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढण्यात जन्म गेल्यामुळे, स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटल्या तरी त्यांना घाम फुटायचा. एकटे राहायचे. घरात भांड्यांपेक्षा पुस्तके जास्त. त्यांनी मला विकत घेतले आणि घराच्या पुढच्या बाजूला बसवले. कुणी बाहेरून "येऊ का?" म्हणाले की मामा "या, या" म्हणत, पण गडबडीत कडी काढायला विसरत. पाहुणा बाहेर, मामा आत, दोघेही माझ्यातून एकमेकांकडे बघत ओशाळे हसत उभे.

पुढे माझी जाळी तांबूस पडली. पुढच्या दाराला सरकती ॲल्युमिनियमची जाळी आली आणि माझी रवानगी मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी झाली. तिथे भिंतीला टेकून मी किती काळ होतो, ते मोजत बसलो नाही. माझ्यावर फडकी वाळत घातली जात. वाईट वाटायचे. पण मामांनी मला भंगारात दिले नाही. त्यांना नाही म्हणता येत नाही, तसे काही टाकूनही देता येत नाही.

त्याच टाकीपाशी एक करड्या रंगाचे मांजराचे पिल्लू आले. माझ्यामागच्या तिरक्या जागेत ते निजायचे आणि माझ्या चौकटीवर नखे परजायचे. मामा त्याला बशीत दूध ठेवू लागले. काही दिवसांनी त्या पिल्लाने दूध घरात प्यायचे ठरवले आणि मग घरच आपले आहे असे ठरवले. त्याची ऐट बघून भाचीने नाव ठेवले बाईसाहेब.

आता एक प्रसंग सांगतो. तो कळल्याशिवाय पुढचे सगळे उगाचच वाटेल. शेजारच्या काकूंनी कुत्र्याचे पिल्लू आणले आणि त्या ते काखेत घेऊन मागच्या अंगणात आल्या.

"ओळख करून देऊ या दोघांची," काकू म्हणाल्या.

"आत्ता? म्हणजे... तिला आधी जरा—"

"अहो, त्यात काय एवढं? समोर ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. होतात आपोआप मित्र!"

काकूंनी पिल्लू बाईसाहेबांच्या पुढ्यात ठेवले. पिल्लाने आनंदाने उडी मारली. बाईसाहेबांनी त्याच्या नाकावर पंजा ओढला, माझ्यावरून भिंतीवर चढल्या आणि दिसेनाशा झाल्या. पिल्लू रडत होते. काकू म्हणाल्या, "फारच लाडावून ठेवलंय हो तुम्ही!" आणि निघून गेल्या.

मामा बशी घेऊन भिंतीपलीकडच्या गल्लीत शोधायला गेले. मोठ्याने हाका मारायची त्यांना लाज. हळूच म्हणत होते, "बाईसाहेब... अहो बाईसाहेब..." पिशवी घेऊन चाललेल्या एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "मला म्हणालात?" मामा तसेच माघारी फिरले.

बाईसाहेब बऱ्याच दिवसांनी परतल्या. अंग वाळलेले, एक कान फाटलेला. त्या दिवसापासून मामांनी घरात दुसरे जनावर येऊ दिले नाही.

आणि मग ते पत्र आले. मामा मागच्या पायरीवर बसून बाईसाहेबांना वाचून दाखवत होते. थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे पत्र होते. त्या फोन करत नाहीत. त्यांना फोनवर ऐकू येत नाही आणि मामांना फोनवर बोलता येत नाही.

"घरमालक घर पाडायला काढतोय," ताईंनी लिहिले होते. "लेकीकडे एकच खोली, आणि तिच्या इमारतीत कुत्रा ठेवू देत नाहीत. तुझ्याकडे जागा आहे. मी आणि पोत्या कायमचे राहायला आलो तर चालेल का? पोत्याला परक्याच्या हवाली करून मी येणार नाही, हे आधीच सांगते. तुझ्या मांजरीला विचार. नाही म्हणालास तरी रागावणार नाही. पण काहीतरी लिही."

"काय लिहू?" मामांनी बाईसाहेबांना विचारले. त्या पंजा चाटत होत्या.

'हो' लिहावे, तर बाईसाहेब पुन्हा निघून जातील ही धास्ती. 'नाही' लिहावे, तर लहानपणी बोट धरून शाळेत नेणारी, वर्गाच्या दारात मामा रडू लागले की परत घरी आणणारी ताई डोळ्यांपुढे येई. मामा कागद घ्यायचे, 'प्रिय ताई' लिहायचे आणि थांबायचे. पत्र खिशातच राहिले.

उत्तराची वाट बघून एके सकाळी भाचीच आली. ती बस चालवते, त्यामुळे तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जाणारा आहे. मागच्या अंगणात मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"मामा, पत्राचं उत्तर येत नाही, म्हणून उत्तर घ्यायला मीच आले. आणि हा बघ प्रश्न सोबत आणलाय."

प्रश्न म्हणजे पोत्या. भरलेल्या पोत्यासारखा कुत्रा, कान लोंबते, शेपटी अशी की एका फटक्यात तिपाईवरचा पेला खाली.

"अगं पण, मी अजून ठरवलं नव्हतं..."

"तू ठरवेपर्यंत आई शंभरीला पोचेल. ती घर सोडून माझ्याकडे आलीये. ह्याला जिन्याखाली बांधला, तर इमारतीतले लोक रोज भांडायला येतात. माझ्या पुढच्या मोठ्या सुट्टीपर्यंत ठेवून बघ. जमलं तर आई येईल. नाही जमलं तर एका शेतावर विचारून ठेवलंय, ते ह्याला ठेवून घेतील."

"आणि ताई?"

"आई त्याच्याशिवाय कुठे राहते का? शेताच्या फाटकाशी जाऊन बसेल," भाची म्हणाली. एवढे बोलताना तिचा आवाज प्रथमच खाली आला. मग तिने पोत्याचा पट्टा मामांच्या हातात दिला आणि ती कामावर गेली.

मामांनी बाईसाहेबांना निजायच्या खोलीत ठेवून दार लावले, पोत्याला बाहेरच्या खोलीत ठेवले आणि पुस्तक काढले. त्यांचे सगळे पुस्तकापासूनच सुरू होते. पाळीव प्राण्यांवरच्या त्या पुस्तकात लिहिले होते, की मांजराची दुसऱ्या प्राण्याशी ओळख एकदम करून देऊ नये. आधी एकमेकांचा वास, मग जाळीआडून दर्शन, मग भेट. वासासाठी एक फडके याच्या अंगावर, एक तिच्या अंगावर फिरवावे आणि अदलाबदल करून जेवणाच्या बशीखाली ठेवावे.

'जाळी' हा शब्द वाचून त्यांना मी आठवलो.

सुतार आला. त्याने मला भिंतीपासून ओढून काढले आणि नाक मुरडले. "हा? काका, ह्याच्यात काय राहिलंय? नवा करून देतो."

"नको. हाच बसेल बहुधा," मामा म्हणाले. "म्हणजे, तुम्हाला वाटत असेल तर."

सुताराने चौकटीवर हातोडीची मूठ ठोकली, कान लावला, पुन्हा ठोकली. "लाकूड मात्र ठणठणीत आहे हां. असं आता मिळत नाही." त्याने जाळी बदलली, कड रंधली, बिजागऱ्यांना तेल दिले आणि मला निजायच्या खोलीच्या चौकटीत बसवले. जाताना बजावून गेला, "पाणी लावू नका. फुगला तर बसायचा नाही. अन् रंगही नको, जनावराला वास सोसायचा नाही."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी पुन्हा बिजागऱ्यांवर उभा राहिलो. आता माझ्या एका बाजूला मांजर होते आणि दुसऱ्या बाजूला कुत्रा. दोघांच्या मधे मी एकटा.

पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी पोत्याला जाळीतून पाहिले आणि त्या कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसल्या. पोत्या माझ्यापाशी येऊन उभा राहिला, "हुफ्" म्हणाला आणि धाडकन मला टेकून बसला. त्याचे वजन काय वर्णावे! माझी आडवी पट्टी करकरली. पण मी हललो नाही.

मामांनी दोघांच्या बशा माझ्यापासून लांब ठेवल्या आणि हळूहळू जवळ आणायच्या ठरवल्या. बाईसाहेब जेवल्या नाहीत, की बशी पुन्हा मागे. घाई अजिबात नाही. मामांच्या भिडस्तपणाचा इतका उपयोग होईल असे मला वाटले नव्हते. सगळा वेळ ते दोन्हीकडे जाऊन माफी मागायचे. "पोत्या, दमानं घे रे. बाईसाहेब, तसा तो बरा आहे हो, दिसायला मोठा आहे इतकंच."

फडक्यांचे कामही रोज चाले. मामा पोत्याच्या पाठीवर फडके फिरवत, बाईसाहेबांच्या गालावर दुसरे फिरवत. मग दोन्ही घेऊन न्हाणीघरात जात, साबणाने स्वच्छ धूत, दोरीवर वाळवत, नीट घडी घालत आणि अदलाबदल करून बशांखाली ठेवत. मी हे रोज पाहत होतो. मला वाटले, पुस्तकात तसेच असेल. मी पुस्तके वाचलेली नाहीत.

इकडे माझ्यापाशी मात्र दुसरेच काही चालले होते. पोत्याला मला टेकून झोपायची सवय लागली. त्याची लाळ माझ्या पट्टीवर, त्याचे केस माझ्या जाळीत. तो उठून गेला की बाईसाहेब कपाटावरून उतरत आणि त्याने टेकलेली जागा हुंगत. पहिल्यांदा त्या माझ्यावरच फिस्कारल्या. मला लागले. ज्याच्या आडोशाला लहानपणी झोपल्या, त्याच्यावर फिस्कारणे! पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसतेच हुंगले. मग केव्हातरी मान तिरकी करून त्याच जागेवर गाल घासला. त्या गेल्यावर पोत्या आला आणि ती जागा चाटू लागला. असे रोज. तो टेकायचा, त्या घासायच्या. जिथे पूर्वी गरम पावाचा वास मुरला होता, तिथे आता या दोघांचा मुरू लागला. मला पाणी लावायचे नव्हते, म्हणून मला कुणी पुसतही नव्हते.

बशा सरकत सरकत माझ्या दोन्ही बाजूंना येऊन टेकल्या. मामा मात्र रोज म्हणायचे, "जमत नाहीये बहुधा. माझंच काहीतरी चुकतंय." खिशातले पत्र काढायचे आणि परत ठेवायचे.

भाची सुट्टी लागताच आली. पोत्याला भेटली, चहा प्यायली आणि दोरीवर तिची नजर गेली.

"ही फडकी कसली?"

"वासाची. पुस्तकात सांगितलीत."

"मग ओली का?"

"धुतली ना."

"कधी?"

"रोजच धुतो. एकाच्या अंगाचं मळकं फडकं दुसऱ्याच्या जेवणाखाली कसं ठेवायचं? बरं दिसतं का ते?"

भाचीने कपाळावर हात मारला आणि इतकी हसली, की पोत्या भुंकायला लागला. "मामा! अरे, वासच धुऊन टाकलास की! तू ह्या दोघांची ओळख साबणाशी करून दिलीस!"

मामा हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. ते खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे सगळं वाया गेलं. मला वाटलंच होतं, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. बाईसाहेबांचा दुसरा कान फाटायला नको. तू... तू घेऊन जा त्याला शेतावर. ताईला मी काय लिहू ते तूच सांग."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर! मी इतकेच म्हणालो असतो, 'अहो मामा, जरा इकडे बघा.' पण माझ्याकडे कोण बघणार? सगळे माझ्या पलीकडे बघतात. आणि या वेळी तेच बरे झाले. भाचीने माझ्या पलीकडे पाहिले.

पोत्या माझ्या या बाजूला पाठ टेकून आडवा झाला होता. दुसऱ्या बाजूला, त्याच्या पाठीशी पाठ लावून, बाईसाहेब डोळे मिटून पडल्या होत्या. मधे फक्त माझी जाळी. पोत्याने श्वास घेतला की जाळी थोडी फुगायची आणि बाईसाहेबही थोड्या हलायच्या.

"मामा, मग हे कसं झालं?" भाची कुजबुजली. तिला कुजबुजताही येते हे मला माहीत नव्हते.

ती वाकली, माझ्या पट्टीपाशी नाक नेले आणि झटकन मागे सरकली. "शी! काय वास मारतोय ह्या दरवाजाला! अर्धा कुत्रा आणि अर्धं मांजर!"

माझ्या आयुष्यात मला दोन-चारदा शाबासकी मिळाली आहे. पण खरे सांगतो, त्या 'शी'ची सर कशालाच नाही.

मामा लगबगीने उठले. "थांब, ओलं फडकं आणतो, पुसून—"

"हात लावू नकोस त्याला!" भाची ओरडली. "तुझं फडकं हेच आहे!"

मामा माझ्यापुढे उभे राहिले. त्यांनी पोत्याचे केस पाहिले, जाळीत अडकलेले करडे केस पाहिले आणि माझ्या चौकटीवरून हात फिरवला. मग त्यांनी पोत्याच्या गळ्यात पट्टा अडकवला, तो भाचीच्या हाती दिला आणि माझी कडी काढली.

मी उघडलो. बाईसाहेब उठल्या, त्यांनी अंग ताणले. पोत्या बसूनच होता, फक्त शेपटी जमिनीवर आपटत होती. बाईसाहेब माझ्या उंबऱ्यावर थांबल्या. मागे कपाट होते, खिडकी उघडी होती. जायचे असते तर त्या गेल्या असत्या. बाईसाहेबांनी मान पुढे करून पोत्याचे नाक हुंगले, एक पंजा उचलला आणि त्याच्या नाकावर ठेवला. नखे आत होती. मग त्याच्या हनुवटीखालून, पाठ घासत, स्वयंपाकघराकडे निघून गेल्या. पोत्या शिंकला.

माझे काम एवढेच. कदाचित मी उगाच जास्त श्रेय घेत असेन. मामांनी घाई केली नाही, हेही त्यात होतेच. पण मधे उभा मी होतो, आणि दोघांनी गाल नि पाठ घासायला जागा माझीच निवडली, याचा मला अभिमान आहे. आणि तो मी आज लपवणार नाही. लपवणे मला जमतही नाही.

तुमच्या घरी मांजर असेल आणि उद्या कुत्रा, ससा किंवा आणखी कुणी राहायला येणार असेल, तर मित्रांनो, एकाला उचलून दुसऱ्यापुढे ठेवू नका. मधे एखादी जाळी असू द्या. ज्याला भीती वाटते, त्याला हवे तेव्हा मागे जाता येऊ द्या. फडकी धुऊ नका. आणि मागच्या अंगणात एखादा जुना दरवाजा उभा असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा त्याच्या लाकडावर ठोकून बघा.

आता मी दिवसभर उघडाच असतो. समोर खिडकी आहे आणि खिडकीतून कोपऱ्यावरची टपालपेटी दिसते. भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा लिहायला बसले होते. 'प्रिय ताई'च्या पुढे या वेळी हात थांबला नाही. लिहून झाल्यावर त्यांनी बाईसाहेबांना वाचून दाखवले.

"प्रिय ताई, उत्तराला फार उशीर झाला. मांजरीला विचारलं. तिची हरकत नाही. पोत्या इथे रुळला आहे, तुझी खोली झाडून ठेवली आहे. लवकर ये. मला स्वयंपाक अजून नीट येत नाही, हे आधीच सांगतो."

"दे इकडे," भाची म्हणाली. "मी आजच घरी चाललेय. हातोहात देते."

"नको. तिनं पोस्टानं विचारलं होतं."

मामा पोत्याला घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले. बाईसाहेब खिडकीत येऊन बसल्या. मामांनी पाकीट पेटीच्या फटीत अर्धे घातले आणि ते थांबले. पाकीट बाहेर काढून पत्ता वाचला. पुन्हा घातले, पुन्हा थांबले. पोत्या त्यांच्या पायावर बसून राहिला. मग मामांनी एकदा आमच्या घराच्या खिडकीकडे वळून पाहिले आणि हात सोडला. त्या रिकाम्या हाताचे काय करावे हे क्षणभर त्यांना कळेना. त्यांनी तो पोत्याच्या डोक्यावर ठेवला.